बिघाडाचे निदान

मराठीत 'निदान' हा शब्द मोठा मौजेचा आहे. वैद्याच्या तोंडी त्याचा अर्थ रोगाचे मूळ कारण ओळखणे. घरात मात्र तोच शब्द 'कमीत कमी' या अर्थाने वावरतो. 'औषध नाही तर निदान पथ्य तरी सांभाळ' असे घरातली वडीलधारी माणसे बजावीत असत. दोन्ही अर्थ एकत्र ठेवले तर एक चांगला नियम हाती लागतो : वस्तू दुरुस्त होवो अथवा न होवो, ती का बिघडली एवढे निदान कळले पाहिजे. आमचा पिंड साहित्याचा. विजेशी आमचे सख्य बटण दाबण्यापुरतेच. तरीही या नियमाची प्रचीती आम्हांस आली ती आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, एका विजेच्या यंत्रापुढे.

त्या यंत्राचे नाव टेस्ला कॉइल. निकोला टेस्ला (१८५६-१९४३) या शास्त्रज्ञाने ते १८९१ साली अमेरिकेत सिद्ध केले. रचना ऐकावयास सोपी आहे. जाड तारेचे चार-सहा वेढ्यांचे एक वेटोळे, आणि त्याच्या मधोमध उभ्या नळीवर बारीक तारेचे हजारभर वेढ्यांचे दुसरे. पहिल्यातील प्रवाह सेकंदाला लाखो वेळा मागे-पुढे हालवावयाचा. सतारीची वरची तार छेडली की खालच्या तरफा, सूर जुळलेला असेल तर, आपणहून झंकारतात. तसाच या दोन वेटोळ्यांचा सूर जुळला की दुसऱ्याच्या माथ्यावर हजारो व्होल्टांचा दाब चढतो आणि हवेत जांभळी ठिणगी उमटते. टेस्लाच्या काळी ही हालचाल दोन धातूंमधल्या फटीत ठिणगी पाडून घडवीत. आता ते काम ट्रान्झिस्टर करतात, म्हणून अशा यंत्रास सॉलिड-स्टेट म्हणतात. हैदराबादकरांना हा शब्द परका नाही. १९६७ मध्ये डॉ. ए. एस. राव यांच्या नेतृत्वाखाली येथे ईसीआयएल उभी राहिली, आणि तिचा 'ईसी' टीव्ही घेतलेली घरे आपल्या समाजातही थोडीथोडकी नव्हती.

आमच्या शाळेतील हे यंत्र नववीतल्या एका मुलाने विज्ञान प्रदर्शनासाठी करावयास घेतले. परीक्षेतील त्याचे गुण बेताचेच. वडिलांचे राणीगंज भागात मोटारींच्या रिवाइंडिंगचे छोटे दुकान. घराणे मूळचे नांदेडकडचे. कोठीच्या गुजराती गल्लीतून सुटे भाग आले. पंचाहत्तर मिलिमीटरच्या पीव्हीसी नळीवर ०.२ मिलिमीटर जाडीच्या तारेचे हजार वेढे बापलेकांनी मिळून घातले. सुमारे २३५ मीटर तार, आणि एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही! मराठीच्या माणसालासुद्धा ते काम पाहून हस्तलिखितातील रेखीव ओळी आठवाव्यात.

मुलाचा आग्रह होता की यंत्र घरच्या २३० व्होल्टांवर चालवावे, म्हणजे वीतभर ठिणगी निघेल. आम्ही परवानगी दिली नाही. ती वीज एकदिश केली की दाब सव्वातीनशे व्होल्टांच्या आसपास जातो, आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये दबा धरून बसतो. शिवाय उच्च आवृत्तीचा प्रवाह नुसता कातडीवरून जातो, सबब निर्धोक असतो, हा समज फार पसरलेला आहे. झटका जाणवत नाही एवढेच. भाजावयाचे ते भाजतेच. हृदयात पेसमेकर बसविलेल्या माणसाने तर अशा यंत्राच्या आसपासही फिरकू नये. भौतिकशास्त्राच्या शिक्षिकाबाईंनी चोवीस व्होल्टांची मर्यादा घातली. मुलगा हिरमुसला. नखाएवढ्या ठिणगीला प्रदर्शनात कोण विचारणार, असे त्याला वाटले असावे.

पण नखाएवढी ठिणगीसुद्धा येईना. बाईंनी एक जाड वही आणून त्याच्यापुढे ठेवली. काय पाहिले, काय बदलले, त्याने काय झाले, एवढेच तीत लिहावयाचे. पहिला दोष दोन दिवसांत सापडला. ट्रान्झिस्टरांना इशारा पोचविणारे छोटे रोहित्र त्याने जुन्या संगणकातून काढलेल्या पिवळ्या कड्यावर गुंडाळले होते. ते कडे लोखंडाच्या भुकटीचे, दुसऱ्याच कामासाठी घडविलेले. येथे फेराइटचे कडे हवे होते. कडे बदलताच इशारा स्वच्छ झाला, आणि पुढच्याच क्षणी दोन्ही ट्रान्झिस्टर जळाले.

तेव्हा वडील शाळेत आले. त्यांनी पिशवीतून मालमोटारीचा चोवीस व्होल्टांचा दिवा काढला आणि तो विजेच्या वाटेत मालिकेने जोडून दिला. "हेडमास्तरसाहेब, आमच्या धंद्यात सिरीज बल्बाशिवाय कुणी मोटार चालू करत नाही," ते म्हणाले. "बल्ब पुरा पेटला तर आत शॉर्ट आहे समजायचं. बल्ब पेटतो, माल वाचतो." दुसरी जोडी बसवली तेव्हा बल्ब लख्ख पेटला, ट्रान्झिस्टर मात्र वाचले. दोन दारे आळीपाळीने उघडावयाची, ती एकदमच उघडत होती. रोहित्राच्या एका गुंडाळीची टोके उलट लागली होती. ती फिरवली, बल्ब मंदावला.

एवढे होऊनही वेटोळे मुकेच राहिले. मुलाने पहिल्या वेटोळ्याची टोके उलटसुलट करून पाहिली. फरक नाही, म्हणून पुन्हा होती तशी लावली. तारेचा रोध मोजला; हिशेबाप्रमाणे १३० ओहमच्या आसपास आला. म्हणजे तार अखंड. वहीत पाच दिवस 'काही नाही' हे दोनच शब्द आहेत.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी त्याचा धीर सुटला. टोके फिरवली, इशारा टिपणारी अँटेना बदलली, जमिनीकडे जाणाऱ्या तारेचा सांधा उकलून नव्याने जोडला, आणि तिन्ही एकाच दमात करून बटण दाबले. टेबलावरची नळी-दिव्याची जुनी कांडी कोणत्याही तारेविना उजळली! सारी प्रयोगशाळा टाळ्या वाजवू लागली.

बाईंनी शांतपणे विचारले, "तिन्हींपैकी कशाने?" मुलाला सांगता येईना. बाईंचे म्हणणे असे पडले की आता एकेक बदल मागे घेऊन पाहावे. मुलगा काकुळतीला येऊन आमच्याकडे वळला. "सर, चालू आहे ते राहू द्या ना. उद्या प्रदर्शन आहे." त्याची बाजू खोटी नव्हती. मोडून पाहताना पुन्हा ट्रान्झिस्टर जळाले असते तर नवे आणावयास वेळ नव्हता, आणि वर्षभर मागच्या बाकावर बसलेल्या मुलाच्या वाट्याला आलेला तो एकुलता एक दिवस हातचा गेला असता. आम्ही क्षणभर थांबलो, आणि बाईंच्या बाजूने निर्णय दिला. जे आपोआप सुरू होते ते आपोआप बंदही पडते, आणि उद्या ते बंद पडले तर शंभर माणसांपुढे हा मुलगा एकटाच उभा असणार होता.

अँटेना जुनी लावली. दिवा तेवत राहिला. टोके पूर्ववत केली, दिवा विझला. म्हणजे दोष टोकांचा. पण तीच टोके त्याने आधी फिरवून पाहिली होती, तेव्हा का चालले नाही? हा प्रश्न वडिलांनी सोडविला. त्यांनी एवढेच विचारले, "मीटर कुठून कुठपर्यंत लावला होतास?" मुलाने तो तारेच्या खरवडलेल्या टोकाला लावला होता, सांध्यापलीकडे, जमिनीच्या तारेपर्यंत नेला नव्हता. या बारीक तांब्यावर इनॅमलचा पारदर्शक लेप असतो. सांध्याच्या जागी तो पुरता खरवडला नव्हता. वरून डाग बसलेला दिसे, आतून तांब्याला तांबे भिडलेले नव्हते. दोष दोन होते आणि ते एकमेकांच्या आड लपले होते. एक काढला तरी दुसऱ्यामुळे फळ दिसत नसे. मग माणूस बरोबर केलेलेच चुकीचे समजून परत फिरवतो.

आम्हांस त्या वेळी नाथांची आठवण झाली. ज्ञानेश्वरी लिहिली गेल्यावर सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, पैठणला एकनाथांनी तिचा पाठ शुद्ध केला. नकलांवर नकला होताना एका लेखकाची चूक दुसऱ्याच्या सुधारणेखाली दडते, आणि अर्थ लागेनासा झाला की तिसरा आपल्या पदरचे काही घालून तो लावून देतो. नाथांनी प्रती ताडून पाठ लावला, आणि पुढे कोणी आपली ओवी तीत मिसळू नये असे बजावले. शब्द काय आणि तार काय, आधी मूळ दोष शोधावा आणि मगच हात लावावा, हे वळण एकच आहे. रिवाइंडिंग करणाऱ्या त्या गृहस्थांना ते पोटासाठी अंगी बाणवावे लागले होते.

प्रदर्शनात दुपारी दिवा विझला. भोवती गर्दी होती. मुलाने वीज तोडली, वही उघडली आणि सिरीज बल्बापासून क्रमाने तपासत गेला. पाच मिनिटांत कळले की कोणाच्या तरी पायाने जमिनीच्या तारेचा चिमटा निसटला आहे. चिमटा लागला, दिवा लागला. बक्षीस दुसऱ्या शाळेला मिळाले. त्यांचे यंत्रही चांगलेच होते.

ती वही आता आमच्या शाळेच्या ग्रंथालयात आहे. पुढच्या वर्षीची मुले ती चाळतात. तीत एके ठिकाणी, मधल्याच एका दिवशी एक ट्रान्झिस्टर विनाकारण तापल्याची नोंद आहे, आणि तिच्यापुढे मुलाने लिहिले आहे : 'कारण कळले नाही.' प्रदर्शनापूर्वी तो ती ओळ खोडावयास निघाला होता. बाईंनी खोडू दिली नाही.