अल्पाक्षरी कवितेतील उन्हाळा

भारतीय काव्यातील ऋतुवर्णन पूर्वापार विस्ताराकडे झुकणारे असून कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’चा आरंभच ग्रीष्माच्या सविस्तर चित्राने होतो, त्यामुळे अल्पाक्षरी, म्हणजे मोजक्या अक्षरांत एकच अनुभव मांडणारी कविता या संस्कारात वाढलेल्या वाचकाला प्रथमदर्शनी अपुरी वाटते. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेल्या हायकूने ही सवय काही प्रमाणात मोडली. पाच-सात-पाच हा अक्षरांचा हिशेब बहुतेकांना ठाऊक असतो. परंतु आस्वादासाठी मूळ जपानी हायकूतील ‘किगो’, म्हणजे ऋतू सुचवणारा शब्द, आणि ‘किरेजी’, म्हणजे कवितेत खंड पाडणारा शब्द, हे घटक अधिक मोलाचे आहेत. जपानी ऋतुकोशांत झडीचा पाऊस उन्हाळ्यातच मोडतो, तर मराठी मुलखात पाऊस उन्हाळा संपवतो. म्हणून तेथील ऋतुखुणा जशाच्या तशा येथे चालत नाहीत आणि कवीला त्या माठ, वाळा, कैरी, वळीव यांत शोधाव्या लागतात. (गुलमोहराला मात्र आता काही वर्षे विश्रांती द्यावी.)

रचनेचे मर्म एका नमुन्यावरून पाहता येईल. ‘रणरणत्या दुपारी तहानलेल्या मुंग्या माठाकडे निघाल्या’ या वाक्यात सारे काही सांगून झाल्यामुळे वाचकाला करण्याजोगे काही उरत नाही. त्यातून ऊन, दुपार आणि तहान वगळली, की पुढील रचना हाती येते :

ओल माठाशी—
भिंतीवरून येते
मुंग्यांची रांग

येथे किरेजीचे काम पहिल्या ओळीनंतरची रेघ करते, कारण मराठीत त्यासाठी वेगळा शब्द नाही. ओल आधी दिसते, रांग मागाहून. या दोहोंमधील कोरडी भिंत किती तापली असेल, घरातील माणसे कोठे आडवी झाली असतील, हे वाचक स्वतःच्या उन्हाळ्यातून भरून काढतो. ओळींचा क्रम उलटा केल्यास मुंग्यांचे कारण शेवटी कळते आणि कविता कोड्यासारखी सुटून संपते. ‘तहान’ हा एक शब्द परत आणला, तरी मुंग्यांवर मानवी भाव लादला जातो. मराठीतील पुष्कळ उन्हाळी हायकू नेमके येथेच फसतात; त्यांची तिसरी ओळ पहिल्या दोन ओळींचा अर्थ सांगत बसते.

अशा कवितांचा संग्रह सलग वाचून संपवू नये; एका बैठकीत दोन-तीन कविता वाचाव्यात, आणि त्याही शक्यतो मोठ्याने.