कुंपणावरची सुतळी

मुलांनो, घराच्या ओटीवर बसलं की तुम्हाला समोर काय दिसतं? आम्हा कोंडाणेकरांना राजमाचीचा डोंगर दिसतो. पायथ्याशी दगडात कोरलेली बौद्ध लेणी, वर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले. मुंबई-पुण्याची माणसं तो चढायला येतात. माझे अण्णा मात्र तो बघून पाऊस सांगायचे. ढग कड्यावर उतरला, की हाक यायची, "वाळवण आत घ्या रे!" गुडघे दुखू लागल्यापासून तर त्यांचं शेत, रान, गड, सगळं त्या ओटीवरच होतं.

शेजारच्या भाऊंनी परसात भाजी केली आणि कडेनं निरगुडी लावली. निरगुडीला शेळ्या तोंड लावत नाहीत ना! तीन पावसाळ्यांत ती माझ्या डोक्यावर गेली. एके दिवशी अण्णांनी आपली खुर्ची भिंतीकडे फिरवली. बोलले काहीच नाहीत.

मी भाऊंशी बोलायला हवं होतं. वर्गात 'भांडू नका, बोला' असं रोज सांगणारा मी! पण आषाढात ते गावाला गेलेले पाहून कोयता घेतला आणि सगळे शेंडे उडवले.

त्यांची मुलगी माझ्याच वर्गात, चौथीत. नंतर हजेरी घेताना तिनं मान खाली घालूनच 'हजर' म्हटलं. भाऊ भांडले असते तर परवडलं असतं. त्यांनी नुसता रामराम करायचं सोडलं.

आणि निरगुडी? झाडाच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं द्रव्य तयार होतं. ते खालच्या कळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला, की त्या कळ्या मोकळ्या सुटतात. एकेका फांदीला तीन-तीन फुटवे आले. श्रावण सरेपर्यंत कुंपण पहिल्यापेक्षा दाट!

मग मी कायद्याचं पुस्तक उघडलं. (मास्तरांची खोड, दुसरं काय!) १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानं घराला २० वर्षं मिळत आलेल्या उजेड-वाऱ्यावर हक्क सांगता येतो, समोरच्या देखाव्यावर नाही. इंग्लंडात २००३ च्या कायद्यानं २ मीटरहून उंच, सदाहरित कुंपणाविरुद्ध तक्रार करता येते. पण ते कुंपण उजेड किंवा वाट अडवणारं असेल तरच. म्हणजे अण्णांचा डोंगर कुठल्याच कायद्यात बसेना.

शेवटी भाऊंकडे गेलो. चूक कबूल केली.

"गुरुजी, आधी बोलला असतात तर मीच कापली असती," भाऊ म्हणाले. "पण आता बुटकी केली तर शेळ्या उडी मारतील, त्याचं काय?"

मी गप्प. तेवढ्यात आतून मुलगी म्हणाली, "आजोबांना नक्की कुठपर्यंत कापलं तर दिसेल?"

हे कुणी मोजलंच नव्हतं! ती काठी घेऊन कुंपणाशी उभी राहिली. अण्णा खुर्चीत बसून, एक डोळा मिटून ओरडू लागले, "वर घे... अजून वर... बास!" खूण आली चांगली साडेचार फुटांवर. ओटी जमिनीपेक्षा उंच, डोंगर त्याहून कितीतरी उंच. नजर डोळ्यापासून वरवरच चढत जाते. कुंपण अगदी खाली आणायची गरजच नव्हती. तिथं सुतळी बांधली आणि वरचं तेवढं कापलं. शेळ्या अजून बाहेरच आहेत.

अण्णांनी खुर्ची फिरवून घेतली. सोमवारी 'हजर' वर बघून आलं.

सुतळी अजून आहे. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तिच्यावर आलेलं छाटायचं काम माझ्याकडे. कोयता भाऊंचा.