पावलं तिची, फूट माझे



आज पाऊस उघडलाय, पण रानात वापसा नाही. खुरपणी बंद. म्हणून एक चूक लिहून काढतो. माझीच आहे.

मे महिन्यात कपाशीच्या रानात ठिबक अंथरायचं होतं. मी मोटारीपाशी अडकलो होतो. कारभारणीला म्हणलं, ओळीची लांबी पावलांनी मोजून ये. ती आली, म्हणाली ८२ पावलं. माझं पाऊल अडीच फुटाचं, हे मला वर्षानुवर्षं पाठ. ८२ गुणिले अडीच, २०५ फूट. त्या हिशोबानं २० ओळींची लॅटरल कापून ठेवली. अंथरायला गेलो तर प्रत्येक ओळीत २५ फूट नळी जास्त. एकूण ५०० फूट तुकडे झाले.

मी गड्यांसमोर तिच्यावर ओरडलो, "साधं मोजता येत नाही का?"

ती शांतपणे म्हणाली, "अहो, पावलं मी बरोबर मोजली. फूट तुम्ही केले."

टेप लावला. ओळ १८० फूट. माझी पावलं ७२, तिची ८२. म्हणजे तिचं पाऊल २.२ फुटाचं. चूक तिची नव्हतीच.

त्या रात्री हिशोब केला. घर ते रान एक किलोमीटर. मला साधारण १,३०० पावलं लागतात, तिला १,५०० च्या आसपास. संध्याकाळी डोक्यावर गवताचा भारा असतो तो तिच्याच. आणि मी पुढं चालत तीस वर्षं म्हणत आलोय, "चल लवकर, मागं का पडतीस?"

आता दुसरी गोष्ट. पावसाळ्यात साप-विंचवाची भीती, म्हणून मी तिला माझे जुने आठ नंबरचे गमबूट दिले होते. पुढं फडकं कोंबून ती वापरायची. काळ्या मातीचा चिखल बूट धरून ठेवतो आणि टाच वर निघते. बूट सुटू नये म्हणून ती बोटं आवळून चालायची. पुढं पुढं सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत कळ यायला लागली. मी म्हणलं, वय झालं.

तालुक्याला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. बाईचा पाय म्हणजे गड्याच्या पायाची लहान नक्कल नाही. लांबी सारखी असली तरी बाईची टाच पुढच्या पंजाच्या मानानं अरुंद असते. म्हणून गड्याचा लहान नंबर आणला तरी टाच ढिली राहते. बाळंतपणात सांध्यांचे बंध सैल पडतात, वरून वजन वाढतं, त्यामुळं काही बायकांच्या तळपायाची कमान खाली बसते आणि पाय कायमचा लांबतो. आमच्या हिची लग्नात चार नंबरची चप्पल होती, दोन लेकरांनंतर पाच नंबर झाली. आम्हाला वाटायचं चप्पल आखूड निघाली. शिवाय कंबर रुंद, म्हणून मांडीचं हाड गुडघ्याकडं जास्त तिरपं येतं. पन्नाशीनंतर गुडघे झिजण्याचा त्रासही बायकांनाच जास्त.

पाऊल लहान-मोठं पडण्यात उंचीचा वाटा मोठा, हेही खरं. उंच बाईचं पाऊल बुटक्या गड्यापेक्षा लांब पडेल. म्हणून सगळ्या बायकांना एकच माप लावू नका, आणि आपलं माप तर मुळीच लावू नका.

पाच नंबरचे गमबूट शोधायला गेलो. पहिल्या दोन दुकानांत सातच्या खाली काही नाही. तिसऱ्यात मिळाले, पण गड्यांच्या साच्याचे. टाच अजून थोडी ढिली आहे, जाड मोजे घालून भागवतोय. कळ कमी आहे, गेली नाही.

दोन कामं सांगतो. घरातल्या प्रत्येकानं टेपनं १०० फूट आखून चालावं आणि आपापली पावलं भिंतीवर लिहावीत. मोजणारा बदलला की हिशोब बदलतो. दुसरं, बूट घेताना संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, घरच्या बाईला कागदावर उभं करून दोन्ही पायांची रेघ मारा आणि तो कागद दुकानात न्या. जमलं तर बाईलाच न्या.

आणि ओरडायच्या आधी टेप लावा. मी नंतर लावला.

तुमच्याकडं खुरपायला येणाऱ्या बायका पायात काय घालतात, जरा बघून सांगा. आमच्याकडं बहुतेक स्लिपरवरच असतात.

राम राम.