आजीचा करंडा आणि शिवनाथचे दगड

कार्तिक पौर्णिमा जवळ आली की आमच्या घरात वाद ठरलेला. आजीला शिवनाथमध्ये अंघोळ करायची असते आणि बाबांना ती करू द्यायची नसते. दोन वर्षांपूर्वी नदीवरून आल्यावर तिच्या पायांना खाज सुटली, महिनाभर मलम लावावं लागलं. तेव्हापासून बाबा ऐकत नाहीत. आजीचं म्हणणं एकच, "पाणी साफ दिस्ते ना रे, मंग?"

आम्ही भिलाईच्या हुडकोत राहतो. आजोबा वर्ध्याकडून इथल्या पोलाद कारखान्यात नोकरीला आले आणि आम्ही इथलेच झालो. शिवनाथ पलीकडे दुर्गला. तिचा उगम कुणी पानाबरसच्या डोंगरात सांगतं, तर कुणी गडचिरोलीत कोटगुलकडे. आजी अर्थातच गडचिरोलीच्या बाजूची. "आपल्याकडूनच येते ते," असं ती शेजारच्या साहू काकूंना दरवर्षी ऐकवते.

गेल्या वर्षी हा वाद मिटवायचं मी ठरवलं. मी कंटेंट रायटर आहे. वॉटर प्युरिफायरवर एक लेख लिहिताना मी टीडीएस मीटर विकत घेतला होता. 'टीडीएस कमी, म्हणजे पाणी शुद्ध' असं त्या लेखात ठणकावून लिहिलंही होतं. महमरा एनीकटजवळ जाऊन मीटर पाण्यात बुडवला. आकडा घरच्या नळाच्या पाण्यासारखाच आला. आजी जिंकली!

सोबत माझी मावसबहीण होती. ती नागपूरला वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करते. ती हसायलाच लागली. "ताई, हा मीटर विरघळलेले क्षार सांगतो. जंतू त्याला दिसत नाहीत. आणि हे आत्ताचं पाणी झालं. काल रात्री कुणी काही सोडलं असेल, तर ते कधीच वाहून गेलं."

मग तिने पर्समधून एक जुना टूथब्रश काढला.

वाहत्या पाण्यातला, पोळीएवढा एक दगड तिने उचलला. ताटलीत धरून त्याची वरची बाजू घासली, थोडं पाणी ओतलं. ताटलीत चहासारखं तपकिरी पाणी जमलं. आजी वाकून बघत होती. "हे भुरं निराळं, हिरवं निराळं," ती म्हणाली. "हिरव्यानं तंगडी मोडते." माझ्या बहिणीने तिच्याकडे जरा आदराने पाहिलं. मला तोवर सगळं शेवाळच वाटत होतं.

ते भुरं म्हणजे बहुतेक डायटम. एका पेशीचे, डोळ्यांना न दिसणारे जीव. त्यांचं कवच सिलिकाचं, म्हणजे जवळजवळ काचेचंच, आणि दोन भागांचं. एक भाग दुसऱ्यावर झाकणासारखा बसतो. म्हणून मराठीत त्यांना करंडक वनस्पती म्हणतात. हे सांगितल्यावर आजीने लगेच आपल्या कुंकवाच्या करंड्याचं झाकण लावून दाखवलं. पृथ्वीवर तयार होणाऱ्या ऑक्सिजनचा साधारण पाचवा हिस्सा हे करंडे बनवतात.

नदीची तब्येत त्यांच्यावरून कशी कळते? प्रत्येक जातीच्या आवडीनिवडी वेगळ्या. अक्नँथिडियम मिन्युटिसिमम नावाची जात स्वच्छ, भरपूर ऑक्सिजनच्या पाण्यात फोफावते. नित्झशिया पालिया सांडपाण्यातही मजेत राहते. डायटम दगडाला चिकटून असतात, पाणी बिघडलं तरी उठून जाऊ शकत नाहीत. नाजूक जाती मरतात, चिवट वाढतात. म्हणून दगडावर आज जे सापडतं, त्यात मागच्या काही आठवड्यांचं पाणी दिसतं. नमुना रसायनात उकळून कवचं साफ करायची, काचेवर बसवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली साधारण ४०० कवचं ओळखून मोजायची. हे काम चिकाटीचं आहे. कवचावरच्या बारीक रेघा मोजून जात ठरते.

कल्पना जुनीच आहे. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी १९०८ मध्ये कोणत्या वनस्पती किती घाण पाण्यात जगतात याची यादीच केली. अमेरिकेत रूथ पॅट्रिक यांनी १९४८ मध्ये कोनेस्टोगा नदीत उतरून दाखवलं, की नदीची प्रकृती तिच्यात राहणाऱ्यांवरून कळते. आपल्याकडे हे. पृ. गांधी यांनी कोल्हापूरच्या पाण्यातले आणि पन्हाळगडावरचे डायटम १९५० च्या दशकातच नोंदवून ठेवले. पन्हाळ्यावर जाऊन पाण्यातलं भुरं गोळा करणारा माणूस! सरोदे आणि कामत यांचं महाराष्ट्रातल्या गोड्या पाण्याच्या डायटमवरचं पुस्तक १९८४ चं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजही यावर काम चालतं.

आणि आमच्या शिवनाथवर भांडण झालं ते कशाचं? १९९८ मध्ये दुर्गजवळचा तिचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा २२ वर्षांसाठी एका खासगी कंपनीच्या हाती दिला गेला. पाणी कोणाचं आणि किती, यावर केवढं रान उठलं. दगडांना कोणी विचारलं होतं का, कोण जाणे.

परतल्यावर बहिणीने ओळखीच्या एका शिक्षकांकडच्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवला. सोनेरी होड्या. काही सावकाश सरकतही होत्या. आजीने एक डोळा मिटून पाहिलं आणि बराच वेळ डोकं वर काढलं नाही.

"मंग, साफ हाये का गढूळ?" तिने शेवटी विचारलं.

बहीण म्हणाली, एका दगडावरून सांगता येणार नाही. एनीकटच्या वर आणि खाली, वेगवेगळ्या ऋतूंत नमुने घ्यावे लागतील. आणि अंघोळीचं विचारशील तर खाज-जुलाबाचे जंतू डायटम सांगत नाहीत, त्याची तपासणी वेगळी. बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "बघा!" आजी म्हणाली, "पण नाई म्हन्लं नाई तिनं."

त्या पौर्णिमेला आजीने दिवा सोडला, पाय मात्र पायरीवरच ठेवले. हे बाबांना मान्य, आजीला अर्धंच.

माझ्या लेखातली ती ओळ बदला, म्हणून मी तीन ईमेल केले. ओळ अजून तशीच आहे. लोक अजून ती वाचून मीटर घेत असतील.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की पुन्हा दगड घासायचे आहेत, या वेळी दोन ठिकाणचे. आजीने तो टूथब्रश धुऊन खिडकीत वाळत ठेवलाय आणि त्याला कोणी हात लावला तर ओरडते.