सायनोची साय

आधी एकच डाग होता. रुपयाएवढा, मरून रंगाचा, माझ्या खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीत, उजव्या कोपऱ्यातल्या वाळूवर. मी दुर्लक्ष केलं. दहा दिवसांत तो समोरच्या काचेपर्यंत पसरला. दिवे लागले की तासाभरात त्याच्यावर बारीक बुडबुडे धरतात. दुपारपर्यंत ते इतके होतात की पापुद्र्याचा एखादा कोपरा वाळूवरून सुटतो आणि तंबूसारखा उभा राहतो. चिमट्याने धरून ओढला तर अख्खी चिंधी हातात येते आणि खाली पांढरी वाळू दिसते. चिंधीला ओल्या गोणपाटाचा वास.

सासूबाई चष्मा लावून बघून म्हणाल्या, "अगं, ही तर दुधावरची साय."

"आई, नावही तेच आहे. सायनो."

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

*

नावाची गंमत अशी की सायनो म्हणजे ग्रीकमध्ये निळा, आणि माझ्या टाकीतला लालभडक. निळ्या रंगद्रव्याच्या जोडीला यांच्याकडे फायकोएरिथ्रिन नावाचं लाल रंगद्रव्यही असतं. पाण्यातून पोचणारा हिरवा-निळा उजेड त्याला बरोबर पकडता येतो. आपण टाकीवर हौसेने निळे दिवे लावतो, म्हणजे त्याच्या आवडीचंच ताट वाढतो.

दुकानात याला 'रेड अल्गी' म्हणतात, पण हे शेवाळ नव्हे. पेशीत केंद्रक नसलेला हा जीवाणू आहे, सायनोबॅक्टेरिया. फरक नुसता पुस्तकी नाही, खिशाला लागतो. शेवाळ खातील म्हणून मी आठ ट्रोकस गोगलगायी आणल्या. काचा त्यांनी चाटून लख्ख केल्या. लाल भाग आला की वळसा घालून पुढे.

*

सोमवारी डबीत एक चिंधी घालून शाळेत नेली. प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली 400 पटींवर केसांसारखे तंतू दिसले. प्रत्येक तंतूत पेशी एकीवर एक, नाण्यांच्या चळतीसारख्या. नववीतली एक मुलगी बराच वेळ डोळा लावून होती. मग म्हणाली, "बाई, ते सरकतंय." खरंच सरकत होतं. पाय नाहीत, शेपूट नाही, आपल्याच लांबीवर घसरत उजेडाकडे.

हे बघणं गरजेचं होतं. तपकिरी-लाल थर म्हणजे सायनोच असं नाही. नव्या टाकीत वाळूवर पिठासारखी तपकिरी पूड बसते, ते डायटम, बहुधा आपोआप जातात. डायनोफ्लॅजेलेट असतील तर शेंबडासारख्या तारा लोंबतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली अंड्याच्या आकाराच्या सुट्या पेशी गिरक्या घेताना दिसतात. त्यांचा बंदोबस्त वेगळा. न बघता औषध ओतणारे निम्मे लोक चुकीच्या शत्रूशी लढतात, असं माझं मत. औषध मीही ओतलं, ते पुढे येईलच.

*

टाकी तीन बाय दीड बाय दीड फूट. दगड-वाळू वजा जाता 160 लिटर पाणी. दोन क्लाउनफिश, एक कोळंबी (म्हणजे होती), थोडे झोअँथिड आणि मशरूम, दोन्ही पोवळ्यांच्या जातकुळीतले. पाहुणे विचारतात, मालवणहून पोवळं आणलं का? नाही. दगडी पोवळी आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. किनाऱ्यावरून उचलायचीही नाहीत. माझे दगड कारखान्यातले.

*

आता मूळ चूक. मला शून्याचं वेड लागलं होतं.

पाण्यात नायट्रेट असेल तर टेस्ट किटची नळी गुलाबी होते. माझी नळी महिनोन्महिने पाण्यासारखी स्वच्छ, आणि मी तिचे फोटो काढून ठेवत होते. त्यासाठी रोज स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर थेंब मोजून टाकत होते. त्यावर टाकीतले उपयोगी जीवाणू वाढतात, नायट्रेट-फॉस्फेट पोटात घेतात आणि स्किमरच्या फेसातून बाहेर पडतात. मासे अर्धपोटी. पाणी चकचकीत.

पण नायट्रेट संपलं की उपाशी राहतात ते बाकीचे. सायनोंतल्या कितीतरी जाती पाण्यात विरघळलेल्या हवेतला नायट्रोजनच पकडतात. त्यांना फक्त थोडं स्फुरद पुरतं, आणि ते माझ्या वाळूतल्या गाळात भरपूर होतं. समुद्रातल्या प्लवकांत नत्राचे 16 अणू असतील तर स्फुरदाचा 1, हे रेडफिल्डचं गुणोत्तर मी मुलांना शिकवलंय. घरच्या टाकीत नत्राची बाजू खरवडून शून्यावर आणली आणि वर विचारतेय की हा आला कुठून.

फॉस्फेटही शून्य दिसत होतं. ते पाण्यातलं. उरलेलं सायच गिळून बसली होती.

*

आपल्या भातशेतीत हवेतलं नत्र पकडणारी हीच मंडळी विकत आणून सोडतात. 'निळे-हिरवे शेवाळ' या नावाने पाकिटं मिळतात. हेक्टरी 10 किलो, लावणीनंतर साचलेल्या पाण्यात. शेतकरी ज्या गुणासाठी पैसे मोजतो, त्याच गुणापायी मी दर रविवारी साय उपसत कंबर मोडून घेते.

*

दुकानदाराने सांगितलं, प्रतिजैविकाच्या गोळ्या चुरून टाका, दोन दिवसांत साफ. टाकल्या. दोन दिवसांत खरंच साफ. तिसऱ्या पहाटे दोन्ही मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून हापापत होते आणि कोळंबी उताणी. एवढा सगळा थर एकदम मेला, तो कुजताना पाण्यातला प्राणवायू गेला. त्यात मे महिना. पाणी जितकं कोमट तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. स्किमर फेस ओकत होता, फरशीवर मिठाचं तळं. हवेचा पंप लावला, 40 लिटर पाणी बदललं, म्हणजे लिटरला 35 ग्रॅमच्या हिशेबाने 1 किलो 400 ग्रॅम मीठ. मासे वाचले.

तीन आठवड्यांनी डाग परत. तोच कोपरा.

डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून मिळू नये असं औषध चुरून मोरीतून गटारात सोडायचं, हे विज्ञानाच्या शिक्षिकेने केलं. लिहून ठेवते.

*

सासरे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले. टाकीत त्यांना कधी रस नव्हता. डाग परत आला त्या दिवशी मात्र खुर्ची ओढून बसले.

"अगं, इथे पाणी फिरत नाहीये."

"बाबा, वेव्हमेकर आहे की. फुल स्पीडवर."

"पंप आहे गं. फिरतं कुठे ते बघ. पाइपलाइनच्या डेड एंडला असंच व्हायचं. गाळ बसायचा, पाण्याला वास यायचा. आम्ही वॉशआउट उघडून लाइन मोकळी करायचो."

त्यांनी माशांच्या खाण्याची चिमूट वरून सोडली आणि कण कुठे बसतात ते बघत राहिले. बहुतेक वाहून गेले. दोन ठिकाणी मात्र अलगद खाली उतरून पडून राहिले. दोन्ही ठिकाणं लाल. पुन्हा चिमूट, पुन्हा तेच. वेव्हमेकर बोटभर खाली वळवला तर वाळूची टेकडी उठली आणि तळाची काच दिसली. अर्धं बोट मागे. तासभर हेच. शेवटी उजव्या कोपऱ्यातला एक दगडच उचलून बाहेर काढला. मांडणी आता विद्रूप दिसते, बाबा म्हणतात झकास.

*

तीन दिवस टाकीवर चादर टाकून अंधार करण्याचा उपायही असतो. केला. साय विरली, चादर काढल्यावर आठवड्यात आली. कारण जागच्या जागी असताना दिवा बंद करून काय होणार?

*

शेजारच्यांनी टाकी बघून विचारलं, लोणार केलंत का? लोणार सरोवराचं पाणी जून 2020 मध्ये गुलाबी झालं ते हॅलोआर्किया या क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे. तिथला नेहमीचा हिरवा रंग मात्र आमच्या सायनोच्या भाऊबंदांचा. अरबी समुद्रातही फेब्रुवारी ते मे, वारा पडला की ट्रायकोडेस्मियमचे पिवळट-तपकिरी पट्टे गोव्याच्या किनाऱ्यालगत तरंगतात. 1770 मध्ये दर्यावर्दी जेम्स कुकच्या जहाजावरच्यांनी अशाच पट्ट्यांना समुद्रातला भुसा म्हटलं होतं.

आणि पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी, तोही यांनी सोडलेला. म्हणून त्यांना शिव्या देताना जरा जपून.

*

सध्या काय करते: व्हिनेगर बंद. माशांना दोन वेळ पोटभर. टाकीत ओतायच्या पाण्याचा टीडीएस 9 दाखवत होता, म्हणून फिल्टरमधलं रेझिन बदललं, आता 0 (हे एक शून्य चालतं). रविवारी दिवे लागून दोन तास झाले, पापुद्रा ताणून बसला, की बोटाहून बारीक नळीने साय ओढून घ्यायची. नळी वाळूला टेकवायची नाही, सायीच्या कडेला धरायची. ती आपोआप गुंडाळत आत जाते. हे काम मला आता आवडू लागलंय, कबूल करायला हरकत नाही.

*

सहावा रविवार. नायट्रेट 5, फॉस्फेट 0.06. झोअँथिड उघडे. वाळू पांढरी. मागच्या दगडाखाली, जिथे नळी पोचत नाही, तिथे पोस्टाच्या तिकिटाएवढा लाल तुकडा अजून आहे.