माळवद, पत्रा आणि आवाज

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात चकलांबा हे आमचे आजोळ. आम्ही लहानपणी पाहिली ती तेथील घरे दगडमातीची, लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचे माळवद पेललेली. उन्हाळ्यात आत गारवा, पावसाळ्यात कोठे ना कोठे गळती. या घरांच्या भिंती हात-दीड हात जाड. तरी देवळीतला ट्रान्झिस्टर अंगणात बोले तसाच माजघरातही बोलत असे. परभणी केंद्र १३०५ किलोहर्ट्‌झवर लागे आणि औरंगाबादचे १५२१ वर. म्हणजे एक लहर सुमारे २३० मीटर लांबीची व दुसरी १९७ मीटरची. सुकी माती, दगड व लाकूड यांतून वीज सहजी वाहत नाही, म्हणून अशी लहर त्यांत फारशी विरतही नाही.

लोखंडाचे तसे नव्हे. लहर पत्र्यावर आदळली की पत्र्यात विद्युत्प्रवाह खेळू लागतो आणि तो लहरीला माघारी धाडतो. मायकेल फॅरडे यांनी १८३६ साली धातूच्या पिंजऱ्याचा प्रयोग केला, त्याचेच हे भावंड. स्लॅबमध्ये सळयांची चौकट वितभर रुंदीची असते. परंतु दोनशे मीटरच्या लहरीला ती जाळी म्हणजे सलग पत्राच. एफ.एम.ची लहर जेमतेम तीन मीटरची. ती निदान दारा-खिडकीतून आत शिरते, म्हणून बीड केंद्राचे १०२.९ मेगाहर्ट्‌झ अशा घरातही कसेबसे लागते.

मग माळवदे का सोडली, असे विचारणाऱ्यांचे आम्हांस नवल वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची जड घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाखाली पाठ टेकताना कोणाच्या मनात पाल चुकचुकली नसेल? पत्रा तापतो, पावसात कानठळ्या बसवतो. पण अंगावर पडला तरी तो मातीचा ढिगारा नव्हे.

आमच्या मामींचे नवे घर २०१८ साली उभे राहिले. भिंती विटांच्या, वर स्लॅब, खांब, पट्टा व छत यांच्या सळया एकमेकींस बांधलेल्या. सत्तरी ओलांडलेल्या मामी गुडघ्यांमुळे घराबाहेर फारशा पडत नसत. दोन्ही मुले सुनांसह दिवाळीनंतर ऊसतोडीला जात आणि घरात उरत मामी व त्यांचा रेडिओ. नव्या घरात तो नुसता खरखरू लागला. "मेला ह्यो," म्हणून त्यांनी तो कणगीमागे टाकून दिला होता. आम्ही तो उचलून ओसरीवर आणला, तर बाजारभाव स्पष्ट ऐकू आले. "अगं बया, जिता हाय की!" म्हणून त्या हसल्या, आणि लगेच डोळ्यांना पदर लावला.

मोबाईलचेही तसेच. मुलांचा फोन आत धड लागेना म्हणून थंडीतही त्या संध्याकाळी उंबऱ्यात बसून राहत. इकडे मुले-सुना फडाजवळ बांबू आणि पाचटाच्या कोपीत राहत. थंडी-वाऱ्याला ती कोपी अडवू शकत नसे, आणि रेडिओच्या लहरीलाही नाही. पक्क्या घरासाठी राबणाऱ्यांना कच्च्या कोपीतच आवाज चांगला यावा, हे आम्हांस काही केल्या रुचले नाही.

मग आम्ही दोन दिवस खटपट केली. संच लोखंडी कपाटावरून काढून उत्तरेच्या खिडकीत ठेवला. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची आडवी कांडी असते. केंद्र तिच्या टोकाच्या रोखाने असले की आवाज बसतो, बाजूस असले की उघडतो. औरंगाबाद उत्तरेला, म्हणून संचाचे तोंड उत्तरेस केले. परभणी पूर्वेला, त्यासाठी तो काटकोनात फिरवावा लागे. खिडकीजवळचा एलईडी दिवा आणि चार्जर बंद केल्यावर निम्मी खरखर गेली. वीज गेली की रेडिओ सुधारतो, हे गावकऱ्यांचे निरीक्षण अगदी खरे आहे! शेवटी वेष्टन असलेल्या तांब्याच्या तारेचे पाच-सहा वेढे संचाभोवती घातले आणि दुसरे टोक खिडकीतून बाहेरच्या लिंबाच्या फांदीला बांधले. बाहेरची लहर तारेने आत आणली, एवढेच.

वळवाचे ढग दाटले की ती तार काढून बाहेर टाकायची, असे आम्ही मामींना बजावले. विजेचा धोका त्यांना सांगावा लागला नाही. पुढच्या वैशाखात आम्ही गेलो, तेव्हा तार खुंटीला नीट गुंडाळून ठेवलेली होती आणि मामी ओसरीवर रेडिओ मांडीवर घेऊन बसल्या होत्या.