मूल काय म्हणते?

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले म्हणजे शाळेचे रूप पालटते. वर्गावर्गांतून पाठांतराचा घोष चालतो, शिवणाच्या तासाला झगे व टोप्या तयार होऊ लागतात, आणि वर्षभर ज्याने वर्गात तोंड उघडलेले नसते असा एखादा विद्यार्थी राजा होऊन सिंहासनावर बसतो. मुलांची नाटके बसविण्याचे काम कित्येक वर्षे आमच्याकडे आहे व ते आम्हांस मनापासून आवडते. तथापि या कामासंबंधी एक शंका आमच्या मनात पुष्कळ दिवस घर करून होती. कॅनडा देशातील एका बाईंची हकीकत वाचनात आली, आणि ती शंका स्पष्ट शब्दांत आमच्यापुढे उभी राहिली. तीच हकीकत आज विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना सांगण्याचे योजिले आहे.

या बाईंचे नाव सेरा पॉली. त्यांचा जन्म टोरांटो शहरी ८ जानेवारी १९७९ रोजी झाला. आईवडील दोघेही नाट्यव्यवसायात वावरलेले. पाच भावंडांत ही धाकटी. १९८५ साली, म्हणजे आपल्याकडील मूल पहिलीच्या वर्गात बाराखडी गिरविते त्या वयात, ती चित्रपटात झळकली. पुढे टेरी गिलियम या नामांकित दिग्दर्शकाने बॅरन मंचाउझनच्या अद्‌भुत कथांवरील आपल्या चित्रपटात तिला मोठी भूमिका दिली. तो चित्रपट १९८८ साली पूर्ण झाला. पडद्यावर पाहणाऱ्यास सर्व काही नवलाचे व मौजेचे वाटते. परंतु ते चित्रण चालू असताना आठ-नऊ वर्षांच्या या मुलीला स्फोटांच्या धडाक्यातून धावावे लागले, थंड पाण्यात तासन्‌तास राहावे लागले, आणि ती अतिशय भ्याली. मोठेपणी तिने दिग्दर्शकास पत्र लिहून आपली ती भीती कळविली. जे धोक्याचे भासले ते वस्तुतः तसे नव्हते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. कदाचित त्यांच्या दृष्टीने ते खरेही असेल. परंतु मुलाला वाटलेली भीती एवढ्याने खोटी ठरत नाही. सेराबाईंनी आपल्या लेखनात आणखीही एक प्रश्न विचारला आहे, आणि तो आम्हां वडीलधाऱ्यांच्या वर्मी लागणारा आहे. एवढ्या थोर कलावंताच्या हाताखाली आपले मूल काम करीत आहे या कौतुकात आईवडिलांना त्या मुलाचे भय दिसले नाही, ते कसे?

१९९० साली ‘रोड टू अ‍ॅव्हनली’ ही दूरचित्रवाणीवरील मालिका सुरू झाली आणि सेरा घरोघर ठाऊक झाली. त्याच जानेवारीत, तिला अकरा वर्षे पूर्ण होऊन थोडेच दिवस झाले असता, तिची आई कर्करोगाने वारली. मालिकेत तिने ज्या मुलीची भूमिका केली ती मुलगीही आईवेगळीच होती. प्रेक्षक त्या पोरक्या मुलीकडे पाहून हळहळत. दिव्यांच्या झोतात उभी असलेली मुलगी खरोखरच पोरकी झाली आहे हे त्यांपैकी कितीजणांच्या ध्यानी आले असेल?

पंधराव्या वर्षी, १९९४ साली, स्ट्रॅटफर्ड येथील नाट्यमहोत्सवात ती अ‍ॅलिसची भूमिका करीत होती. या वेळी रंगमंचाच्या भीतीने तिला इतके ग्रासले की रोज प्रयोगाला उभे राहणे असह्य झाले. तिच्या पाठीच्या कण्यास बाक होता व त्याचा त्रासही होता. शेवटी त्या दुखण्याचे निमित्त पुढे करून तिने नाटकातून आपली सुटका करून घेतली. ‘मला भीती वाटते’ असे तिला सांगता आले नाही. ‘पाठ दुखते’ एवढेच सांगता आले. ही गोष्ट तिने पुढे स्वतःच निर्भीडपणे लिहून ठेवली आहे.

येथे आम्हांस आमची स्वतःची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी सहावीतील एका मुलाला आम्ही एका नाटकात लांबलचक भाषण दिले होते. प्रयोगाच्या तीन दिवस आधी तो येऊन म्हणाला, “सर, माझे पोट दुखते.” आम्ही हसून त्याच्या पाठीवर हात फिरविला, ओव्याचे पाणी देवविले व तालमीला उभे केले. प्रयोगाच्या दिवशी त्याने एकही शब्द न चुकता भाषण म्हटले. टाळ्यांचा कडकडाट झाला; त्याच्या मातोश्रींनी पदराने डोळे पुसले. पडदा पडल्यावर आम्ही शाबासकी देण्यास आत गेलो, तो हा दोरांच्या वेटोळ्यावर बसलेला. त्याला ओकारी झाली होती व हात गार पडले होते. त्याने आम्हांस विचारले, “सर, आता पुन्हा करावे लागणार नाही ना?” पाहुण्यांसाठी दुसऱ्या दिवशी आणखी एक प्रयोग ठरला होता. तो झाला, आणि त्याच मुलाकडून आम्ही तो करविला. त्याला बक्षीसही मिळाले. सेराबाईंच्या पाठदुखीची हकीकत वाचली तेव्हा आम्हांस तो मुलगा आठवला, आणि पुस्तक मिटून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलो.

सेराबाईंनी पुढे काय केले हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावे. दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्ये बोलण्यात ज्यांचे बालपण गेले त्यांनी आता स्वतः लेखणी हाती धरली. मार्गारेट अ‍ॅटवुड यांच्या ‘अलायस ग्रेस’ या कादंबरीवर पटकथा लिहिण्याची परवानगी मागणारे पत्र त्यांनी सतराव्या वर्षी लेखिकेस धाडले होते. ते काम सिद्धीस जाऊन लोकांपुढे आले २०१७ साली; वीस वर्षे त्यांनी ती इच्छा सोडली नाही. दरम्यान अ‍ॅलिस मन्रो यांच्या एका कथेवरून त्यांनी ‘अवे फ्रॉम हर’ हा चित्रपट स्वतः लिहून दिग्दर्शित केला. वृद्धापकाळी जिची स्मृती लोपत चालली आहे अशा स्त्रीची व तिच्या पतीची ती कथा. २००६ साली तो प्रथम दाखविला गेला तेव्हा बाईंचे वय अवघे सत्तावीस होते. त्यातील पटकथेसाठी ऑस्कर पारितोषिकाकरिता त्यांचे नाव सुचविले गेले. २०१२ सालच्या ‘स्टोरीज वी टेल’ या चित्रपटात त्यांनी आपल्याच कुटुंबाची हकीकत घरातील व बाहेरील अनेकांच्या तोंडून वदविली आणि प्रत्येकाची आठवण कशी वेगळी असते ते दाखविले.

२०१५ साली त्यांच्या डोक्यास मोठी इजा झाली. त्यातून सावरण्यास काही वर्षे लागली. त्यानंतर २०२२ साली आला तो ‘विमेन टॉकिंग’. मिरियम टेव्ज यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात एका एकाकी धर्मनिष्ठ वसाहतीतील अत्याचारपीडित स्त्रिया गवताच्या माळ्यावर जमतात आणि गप्प राहावे, झगडावे की निघून जावे याचा विचार करितात. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून त्यांच्या बोलण्याची नोंद ठेवण्यास एक शिक्षक बसविला आहे. त्या सभेत उपदेश करणे हे त्याचे काम नव्हे. ऐकणे व लिहून घेणे हे त्याचे काम. आम्हां शिक्षकांस ही भूमिका फारशी सवयीची नाही! या पटकथेबद्दल बाईंना २०२३ साली ऑस्कर मिळाले.

परंतु आमच्या मते त्यांचे खरे यश त्या पारितोषिकाहून मोठे आहे. हा चित्रपट करिताना त्यांनी कामाचे तास मर्यादित ठेविले, हेतू हा की मुलेबाळे असलेल्यांनी वेळेवर घरी जावे; आणि दुःखद प्रसंग रंगविताना कोणाच्या मनास इजा होऊ नये म्हणून एक मानसतज्ज्ञ बाई हाताशी ठेविल्या. आपण जे सोसले ते दुसऱ्यांनीही सोसलेच पाहिजे, असे म्हणणारे जगात थोडे नाहीत. आपण सोसले ते दुसऱ्याच्या वाट्यास न यावे म्हणून झटणारे विरळा.

नाटके बंद करावीत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. रंगमंचावर उभे राहिल्याने कित्येक मुलांची भीड चेपते हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मात्र आता भूमिका देण्यापूर्वी आम्ही प्रत्येक मुलास एकटे बोलावून विचारतो, दर भूमिकेस दोन मुले तयार करितो, आणि कोणाचे पोट दुखू लागल्यास ओव्याच्या पाण्याबरोबर आणखी एक प्रश्नही करितो. पालकांस एवढीच विनंती की टाळ्या वाजवून झाल्यावर घरी जाताना आपल्या मुलास ‘कसे झाले?’ असे विचारण्याआधी ‘तुला कसे वाटले?’ असे विचारावे.

यंदा एका विद्यार्थिनीने भूमिका नको म्हणून नम्रपणे सांगितले. आम्ही कारण विचारले, तेव्हा तिने दप्तरातून एक वही काढून आमच्या हाती दिली. या वर्षीच्या नाटकातील दुसरा प्रवेश त्या वहीतला आहे.